शंका-समाधान : अजिंठ्याला निघण्यापूर्वी

शंका : माझे वय ६८. दोन्ही गुडघे दुखतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची अजिंठ्याची एका दिवसाची सहल आहे. हौसेने पैसे भरले आणि आता रात्री झोप लागत नाही. वाटेतच पाय आखडला तर? माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर? नाव काढून घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

समाधान : आजी, एवढ्यात नाव काढू नका. दमवणारी चढण सुरुवातीलाच आहे. खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात. तिथून सुमारे चार किलोमीटरवर, पायथ्याशी, एसटीची बस सोडते. मग पायऱ्या चढून एकदा लेण्यांच्या उंचीवर आलात, की पुढची वाट कड्याच्या कडेने जाते. तिला मधूनमधून चढ-उतार आहेत, पण बसत-उठत जाता येते. पायऱ्या नकोच वाटल्या तर डोली मिळते. दर मात्र बसण्याआधी आणि परतीसह ठरवा. तीसच्या तीस लेणी पाहण्याचा हट्ट नको. १, २, १६ आणि १७ ही चित्रांची लेणी निवांत पाहिलीत तरी सहल सार्थकी लागेल. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून काठी बरोबर असू द्या.

गुडघा सुजत असेल, मधेच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर जाण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. चढताना छातीत दाब येत असेल किंवा धाप लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या. ते दुखणे अंगावर काढू नका. वेदनाशामक गोळ्याही आपल्या मनाने वाढवू नका.

शंका : टूरवाला म्हणतो, अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात ‘आरामात’ होते. बरोबर दोन लहान मुले आणि सासूबाई आहेत. नाही म्हटले तर वेरूळ राहून जाईल आणि हो म्हटले तर सगळ्यांचे हाल होतील, अशी धास्ती वाटते.
– एक वाचक, ठाणे

समाधान : धास्ती रास्त आहे. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा ईशान्येला सुमारे १०० किलोमीटर, तर वेरूळ वायव्येला सुमारे ३० किलोमीटर. दोन्ही एका दिवसात उरकायची म्हटली तर निम्मा दिवस गाडीतच जातो. शिवाय एकटे कैलास लेणेच पाहायला दीड-दोन तास हवेत. तेव्हा मुक्काम करून दोन दिवस द्या. तेवढी सवड नसेल तर एकच ठिकाण निवडा, दुसरे पुढच्या खेपेला. वारही पाहून घ्या : अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. वाटाड्या घेताना त्याचे अधिकृत ओळखपत्र पाहायला मागा. त्यात संकोच कसला?

शंका : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी गांधीलमाशी चावली, तेव्हा त्याचे ओठ सुजले आणि श्वास लागला. आता शाळेची सहल अजिंठ्याला जाते आहे. तिथे कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात म्हणे. पाठवू की नको?
– एक आई, जळगाव

समाधान : आपण लिहिलेली लक्षणे तीव्र ॲलर्जीची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची (सर्व शरीरावर होणारी, जिवावर बेतू शकणारी प्रतिक्रिया) असू शकतात. त्यामुळे पाठवण्याचा निर्णय ॲलर्जीतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांना भेटल्याशिवाय घेऊ नका. ॲड्रेनलिनचे इंजेक्शन बरोबर द्यायचे का, हे तेच ठरवतील. दिले, तर ते कधी आणि कसे टोचायचे हे शिक्षकांना लिहून द्या आणि दाखवूनही ठेवा.

कड्याकपारीत आग्या मोहोळ असू शकते, पण छेडल्याशिवाय माश्या सहसा उठत नाहीत. धूर, दगडफेक, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळावे. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे न राहता तोंड झाकून तिथून दूर पळावे. डंखानंतर श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर वाट न पाहता १०८ला फोन करा.

शंका : माणसांच्या श्वासाने तिथली चित्रे खराब होतात असे वाचले. मग आमच्यासारख्यांनी जाणेच चूक आहे का? फार अपराधी वाटते.
– एक वाचक, पुणे

समाधान : वाचलेत त्यात तथ्य आहे, अपराधी वाटण्याचे मात्र कारण नाही. ही भित्तिचित्रे खडकावर मातीचा गिलावा देऊन, तो सुकल्यावर रंगवलेली आहेत. रंग पृष्ठभागावरच बसलेला असल्याने दमट हवेने त्याची पकड सैल होते आणि गर्दीच्या श्वासाने दमटपणा वाढतो. पण पाझरणारे पाणी, किडे आणि वटवाघळे यांनीही नुकसान केले आहे. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावेत म्हणून लावलेले लाखेचे रोगणही पुढे पिवळे पडले. १८१९मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १०व्या लेण्याच्या खांबावर नाव कोरले. तेव्हा आत गाळ साचलेला होता, म्हणून ते आज डोक्याच्या वर दिसते.

आपल्या हातात आहे ते एवढेच : लहान गटाने आत जा. वाटाड्याला माहिती बाहेर पडवीतच सांगायला लावा, आत फक्त पाहा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबलात, की पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातातले कमळ फ्लॅशशिवायही दिसू लागते. पाठीवरची पिशवी पुढे घ्या, भिंतीला टेकू नका, पावसाळ्यात ओली छत्री बाहेर ठेवा. एवढे पाळून खुशाल जा.