चाडं कशाचं असतं?

मुलांनो,
इतकी वर्षं या पानावरून तुमच्याशी बोलले. आता हात थरथरतो, अक्षर ओळ सोडून पळतं. पुढच्या अंकापासून हे पान दुसरं कुणी लिहील. तुम्हाला सोडून जाताना डोळे भरून येतात, तेही सांगून टाकते. पण जवळजवळ प्रत्येक पत्रात तुम्ही विचारत आलात, 'आजी, गोष्ट चांगली कशी लिहायची?' मला उमगलं तेवढं देऊन जाते. वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या.

ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याचं नाव विचारून घ्या. मराठवाड्यातल्या एका सातवीतल्या मुलाने गोष्ट पाठवली होती. त्यात होतं, आईने शेतात बी टाकले. मी उलट टपाली विचारलं, कशाने रे टाकलं? पंधरा दिवसांनी दोन पानांचं उत्तर आलं, सोबत पेन्सिलीचं चित्र. बाबा बैलांमागे तिफण हाकतात. तिफणीवर लाकडी वाटीसारखं चाडं. त्याच्या तळाच्या भोकांतून तीन नळ्या खाली फणांपर्यंत गेलेल्या. आई बरोबरीने चालत चाड्यात दाणे सोडते. मूठ आवळली तर ओळ रिकामी जाते, सैल पडली तर रोपांची दाटी होते. आईची करंगळी कशी हलते, तेही त्याने लिहिलं होतं. ते पान वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. घरात आयुष्यभर दिसणारी मूठ त्याने पहिल्यांदा नीट पाहिली होती, आणि आईला विचारलं म्हणूनच ती त्याला दिसली.

तेव्हा विचारा. कुंभाराला, शिंप्याला, एसटीच्या कंडक्टरला. कामाच्या घाईत नाही, हात मोकळे झाल्यावर, चहाच्या वेळी. माणसं फार आनंदाने सांगतात.

गोष्टीसाठी गाव बदलू नका. तुमच्यातल्या पुष्कळांच्या गोष्टी मुंबईत घडतात, मुंबई न पाहताच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शिकायला पुण्यात राहिला, तरी फुरसुंगीचाच राहिला. फुरसुंगी खरंखुरं गाव आहे, पुण्याजवळचं. तुमच्या गावाचं नावही तसंच छापून येऊ द्या.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, कारण श्याम रोज रात्री सोबत्यांना आईच्या गोष्टी सांगतो. समोर ऐकणारं कुणी असलं की वाक्य आपोआप सरळ होतं. धाकट्या भावंडाला बसवा. ते जिथे चुळबुळ करेल तिथे खूण करा आणि तेवढा भाग काढा. खोडरबर मात्र नको, आडवी रेघ मारा. काढलेलं वाक्य कधीकधी परत लागतं.

आणि एखादं पुस्तक नाहीच आवडलं, तर खुशाल मिटून ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा उघडा.

तुमची पत्रं वर्षावार गठ्ठे बांधून मी जपली आहेत. तिफणीच्या चित्राचं पत्र सगळ्यांत वर आहे. त्या मुलाला माझा एक प्रश्न राहिलाय. बाळा, चाडं कोणत्या लाकडाचं करतात रे? सुताराला विचार आणि मासिकाच्या पत्त्यावर कळव. मला कुणीतरी वाचून दाखवील.

तुमची,
आजी