चौदा अँगस्ट्रॉमचे अंतर : मापन, ज्ञान आणि श्रद्धा

विजयदुर्ग किल्ला १९८१ पर्यंत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्या वर्षी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तरी किल्ल्याविषयीचा आपला अभिमान काही वेगळा झाला नाही. तेथे दगडी चौथरे दाखवतात, ‘साहेबाचे कट्टे’. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, अशी गोष्ट सांगतात. पदार्थविज्ञान शिकवताना मीही ती वर्गात अनेक वर्षे सांगितली. कोणाकडून ऐकली ते आठवत नाही; तपासली नव्हती, एवढे मात्र खरे.

आता साधा विचार करू. १८ ऑगस्ट म्हणजे कोकणातला ऐन पावसाळा. सूर्य पाहण्यासाठी त्या दिवसांत कोण समुद्रकाठी येईल? घाटावर जमखंडीला बसलेल्या लेफ्टनंट हर्शेल यांनाही ढगांनी सतावले. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. आणि लॉकयर? ते त्या दिवशी इंग्लंडमध्येच होते. युद्धखात्यात कारकुनी करून उरल्या वेळात आकाश पाहणारे हे गृहस्थ. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहण नसतानाच, दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. जान्सेन यांनी हीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी गुंटूरला साधली होती. दोघांचे वृत्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले.

त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशी ती अनेकांनी पाहिली, पण बहुतेकांनी ती सोडियमची म्हणून सोडून दिली. विद्यार्थी मित्रांनी येथे आकडे लक्षात घ्यावेत. सोडियमच्या दोन रेषा ५८९६ व ५८९० अँगस्ट्रॉमवर आहेत. ही तिसरी सुमारे ५८७६ वर. फरक चौदा अँगस्ट्रॉमचा. ज्याच्या उपकरणात वीस अँगस्ट्रॉमची चूक होऊ शकते, त्याने ‘ही सोडियमची रेषा आहे’ म्हटले काय आणि ‘नाही’ म्हटले काय, दोन्हींना सारखीच किंमत. म्हणून आपण प्रयोगवहीत उत्तरापुढे ‘अधिक-उणे’ लिहायला लावतो, आणि विद्यार्थी ते नेमके गाळतात! आपल्याला किती कळत नाही हे सांगणारा तो आकडा आहे. तो नसेल तर उरलेला आकडा हा केवळ दावा ठरतो.

पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ही रेषा जुळत नव्हती. लॉकयर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली आणि ग्रीक ‘हेलिओस’, म्हणजे सूर्य, यावरून त्याला हेलियम म्हटले. रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही, कारण हातात काहीच नव्हते. सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, रॅम्से यांना क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली. तरी काम संपले नाही. जर्मनीत रुंगे यांना या वायूची पिवळी रेषा जोडरेषा असल्याचे आढळले, आणि सूर्यावरची तर एकेरी समजली जात होती. मग हा तोच वायू कशावरून? पुन्हा सूर्याकडे उपकरणे वळली, आणि सूर्यावरची रेषाही जोडच निघाली. तेव्हा शंका मिटली.

त्या सत्तावीस वर्षांत लॉकयर यांच्यापाशी होती ती श्रद्धा की ज्ञान? मला वाटते, श्रद्धाच. पण आपण कोठे चुकलो हे दाखवण्याचा मार्ग तिने इतरांना मोकळा ठेवला होता. अर्थात असा मार्ग ठेवला म्हणजे उत्तर बरोबर येतेच असे नाही. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली. तिच्यावरूनही याच तर्काने ‘कोरोनियम’ हे नवे मूलद्रव्य मानले गेले.

वर्गात मी ही दुरुस्ती सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग कट्टे कोणाचे?” प्रश्न रास्त आहे. लॉकयर विजयदुर्गला आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर तीन वर्षांनी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. खग्रास स्थिती होती सुमारे दोन मिनिटांची. चौथरे त्या तयारीचे असण्याचा संभव अधिक, असे माझे अनुमान आहे. त्याच वेळी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरीक्षण करीत होते. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, हे मला खटकते.

१८९८ च्या या ग्रहणाच्या छायाचित्रांवरून एक गोष्ट निष्पन्न झाली. ती हिरवी रेषा सुमारे तीस वर्षे ५३१७ अँगस्ट्रॉमच्या लोखंडाच्या रेषेपाशी धरली जात होती; ती निघाली ५३०३ वर. येथेही फरक चौदाचाच! आणि गंमत अशी की १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन व एडलेन यांच्या संशोधनातून ही रेषा लोखंडाचीच ठरली; लाखो अंश तापमानात तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. चुकीच्या मापनाने बरोबर नाव सुचवले होते. कोरोनियम अस्तित्वातच नव्हते.

केसपुत्त येथे कालामांना भगवान बुद्धांनी ऐकीव, परंपरागत वा ग्रंथात आले म्हणून काही मानू नका असे सांगितले, हे आपण शिबिरांतून शिकवतो. राहू सूर्याला गिळतो म्हणणाऱ्यांना आपण हसतो. पण संयुत्त निकायातही चंद्र-सूर्याला राहूने पकडल्याची सुत्ते आहेत, हे सांगताना आपण आवाज खाली आणतो. विजयदुर्गच्या हेलियमचेही तसेच; १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजरा होऊ लागला आहे. या गोष्टीवर हरकत घेतली तर गावचा मान जाईल असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला बजावले. मी त्यांना १८९८ ची हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पटली असे म्हणाले नाहीत.

इंचाला १५,००० रेषांची ग्रेटिंग आणि वर्णपटमापी असली की सोडियमच्या दिव्यानंतर हेलियमची नळी लावून पाहता येते. पिवळी रेषा कोनाच्या सुमारे तीन मिनिटांनी सरकलेली दिसते. आपल्या उपकरणाचे लघुतम माप एक मिनिट आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी वही घेऊन यावे.