निवडणुकीनंतर सरकार कसें बनतें?

निवडणूक आटोपली म्हणजे गांवच्या पारावर बहुधा एक प्रश्न निघतो: "मत आम्हीं दिलें, मग मुख्यमंत्री मुंबईंत कसा ठरतो?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें आपलें मत वायां गेलें असें पुष्कळांस वाटतें. म्हणून ह्या पाठांत आम्ही ती रीत सांगोल्याचें उदाहरण घेऊन सांगणार आहों.

पहिली गोष्ट ही कीं, आपण मत देतों तें मुख्यमंत्र्यास नव्हे, आपल्या आमदारास. असे २८८ आमदार मिळून महाराष्ट्राची विधानसभा होते. सगळे हजर असतां निम्म्याहून अधिक, म्हणजे १४५ जणांचा ज्याच्यावर विश्वास, त्याचें सरकार. घटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणें राज्यपाल मुख्यमंत्र्यास नेमतात, व त्याच्या सल्ल्यानें इतर मंत्री नेमतात. मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या शेंकडा १५ हून अधिक नसावी. आपल्याकडे ती मुख्यमंत्र्यासुद्धां ४३ होते. जो मंत्री आमदार नाहीं, त्यानें सहा महिन्यांच्या आंत दोहोंपैकीं एका सभागृहाचा सभासद झालें पाहिजे. सर्व मंत्रिमंडळ विधानसभेस एकत्र जबाबदार असतें. सभेचा विश्वास उडाला कीं सर्वांनींच पायउतार व्हावयाचें.

एका पक्षास १४५ जागा मिळाल्या तर काम सोपें. न मिळाल्यास काय होतें, हें २०१९ सालीं दिसलें. २४ ऑक्टोबर रोजीं निकाल लागला: भारतीय जनता पक्षास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ व काँग्रेसला ४४ जागा. पहिले दोन पक्ष एकत्र लढले होते. परंतु मुख्यमंत्रिपदावरून त्यांचें फाटलें. १२ नोव्हेंबरास राष्ट्रपति राजवट आली. २३ तारखेस सकाळीं ती उठली आणि देवेंद्र फडणवीस यांनीं शपथ घेतली. विरोधी पक्ष सर्वोच्च न्यायालयांत गेले. न्यायालयानें २६ तारखेस हुकूम दिला कीं, दुसरे दिवशीं सायंकाळीं ५ च्या आंत सभागृहांत उघड मतदान घ्यावें. त्याच दिवशीं फडणवीस यांनीं राजीनामा दिला. २८ रोजीं उद्धव ठाकरे यांनीं शपथ घेतली व ३० रोजीं १६९ आमदारांनीं त्यांच्या बाजूनें मत दिलें. ते कोणत्याच सभागृहाचे सभासद नव्हते. २०२० च्या मे महिन्यांत ते विधानपरिषदेवर निवडून आले.

ह्यावरून काय शिकावें? शपथ ही आरंभ होय, कसोटी नव्हे. कसोटी सभागृहांत, सर्वांच्या देखत, डोकीं मोजून होते. १९९४ सालीं बोम्मई खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व सांगितलें.

आतां सांगोल्याकडे पाहूं. २०१९ सालीं येथून शिवसेनेचे शहाजीबापू पाटील निवडून आले. जून २०२२ मध्यें एकनाथ शिंदे यांच्याबरोबर जे आमदार बाहेर पडले, त्यांत तेही होते. त्यामुळें ठाकरे सरकार गेलें, आणि ४ जुलै रोजीं शिंदे सरकारानें १६४ मतांनीं विश्वास मिळविला. म्हणजे निवडणूक नसतांही आमदारांच्या मतानें सरकार बदललें. २०२४ सालीं सांगोल्याच्या मतदारांनीं शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख यांस निवडलें. सरकार मात्र फडणवीस यांचें झालें.

मग मत वायां गेलें काय? नाहीं. ह्याच तालुक्यानें गणपतराव देशमुख यांस १९६२ पासून अकरा वेळां निवडून दिलें. ते दोनदां मंत्री झाले, परंतु त्यांचीं बहुतेक वर्षें विरोधी बाकांवरच गेलीं. विरोधी आमदारही मंत्र्यास प्रश्न विचारतो, खर्चाचा हिशेब मागतो, अविश्वासाच्या ठरावावर मत देतो. आपलें मत एका दिवसाचें नसून पांच वर्षें सभागृहांत बसलेलें असतें. तें कोणाच्या हातीं सोंपवावें, ह्याचा विचार आधीं करावा; आणि सोंपविल्यावर त्यानें तें कोठें वापरलें, ह्याची चौकशी करावी.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न:

१. मुख्यमंत्र्यास कोण नेमतो, आणि त्याचें पद कोणाच्या विश्वासावर टिकतें?
२. बहुमत कोठें व कसें मोजावें?
३. आपल्या आमदारानें गेल्या वर्षीं सभागृहांत कोणते प्रश्न विचारले?