आवाज होता तसाच राहू द्या : जुन्या डॅट टेप संगणकावर घेताना



दिल्ली, नोएडा, गाझियाबाद किंवा गुरुग्रामच्या तुमच्या केंद्रातील जुने कपाट एकदा उघडून पाहा. नेहमीच्या कॅसेटबरोबर तिथे काही लहान, तळहातात मावणाऱ्या कॅसेट सापडतील. त्यांवर ‘डॅट’ असे लिहिलेले असेल. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. १९८७ साली ही पद्धत बाजारात आली आणि उत्तम ध्वनिमुद्रणासाठी प्रवचने, भजने, शिबिरे तिच्यावर घेतली जाऊ लागली. सोनी कंपनीने २००५ साली ही यंत्रे बनवणे थांबवले. आज चालू स्थितीतले यंत्र मिळणे अवघड, दुरुस्त करणारा मिळणे त्याहून अवघड. म्हणून या टेप संगणकावर घेण्याची सेवा आता लांबणीवर टाकता येणार नाही.

पण या सेवेत एक चूक अगदी शांतपणे होते. आजचा पाठ त्या चुकीबद्दल आहे.

घडते ते असे

आमच्याकडे एका सेवेकऱ्याने मोठ्या कष्टाने टेप उतरवून घेतल्या. यंत्राची डिजिटल तार थेट संगणकाला जोडली, म्हणजे आवाजात काही मिसळायला नको. फाइल ऐकून तरुण मंडळी म्हणाली, “किती स्वच्छ!” पण ज्यांनी ती प्रवचने समोर बसून ऐकली होती, त्या एक ज्येष्ठ ताई थोड्या वेळाने म्हणाल्या, “शब्द तेच आहेत, पण आवाज असा नव्हता. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. टाळ तर नुसते खणखणतात.”

मग तीच टेप जुन्या यंत्रावर लावून, यंत्राच्या साध्या ऑडिओ जोडणीतून स्पीकरवर ऐकली. आवाज मृदू, नेहमीचा! टेप चांगली होती, यंत्रही चांगले होते. फरक पडला होता तो संगणकात जाताना.

प्री-एम्फसिस म्हणजे काय?

सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांत उंच कंपनसंख्येच्या आवाजाबरोबर बारीक खरखर ऐकू येई. ती दडपण्यासाठी एक युक्ती होती. मुद्रण करताना उंच आवाजांना मुद्दाम उठाव द्यायचा आणि ऐकवताना तेवढाच उतार द्यायचा. उतार दिला की मूळ आवाज जागेवर येतो आणि त्याच्याबरोबर खरखरही खाली जाते. उठावाला प्री-एम्फसिस म्हणतात, उताराला डी-एम्फसिस. एफएम रेडिओही याच तत्त्वावर चालतो.

हा उठाव अंदाजाने दिलेला नसतो, त्याचे माप ठरलेले आहे. ते ५० आणि १५ मायक्रोसेकंद या दोन आकड्यांनी सांगतात. व्यवहारात त्याचा अर्थ असा : १,००० हर्ट्झला उठाव नगण्य, अर्धा डेसिबलसुद्धा नाही. ५,००० हर्ट्झला सुमारे साडेचार, १०,००० ला सुमारे साडेसात आणि २०,००० ला सुमारे साडेनऊ डेसिबल. माणसाच्या आवाजाचा गाभा खाली असतो, म्हणून शब्द बिघडत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा घर्षणाचा भाग, टाळ-झांजा आणि तानपुऱ्याची झणकार वर असते, म्हणून नेमकी तीच टोचू लागते.

प्रत्येक डॅट टेपवर हा उठाव नसतो. काही यंत्रांनी, विशेषतः सुरुवातीच्या काळातील, तो दिला. जिथे दिला तिथे टेपवर आवाजाबरोबर एक खूणही नोंदली जाते : ‘इथे उठाव आहे, ऐकवताना उतार द्या.’ डॅट यंत्र स्वतः ऐकवते तेव्हा ही खूण वाचून उतार देते. डिजिटल तारेतूनही खूण पुढे जाते. मात्र संगणकाचे बहुतेक साउंड कार्ड आणि मुद्रणाचे सॉफ्टवेअर तिच्याकडे पाहत नाहीत, आणि साध्या वेव्ह फाइलमध्ये ती लिहायला जागाच नसते. उठाव फाइलमध्ये राहतो, खूण मात्र गळून पडते.

सेवेची पद्धत

१. यंत्राच्या पडद्यावर ‘एम्फसिस’चे चिन्ह उमटते का ते पाहा. एकाच टेपवर वेगवेगळ्या दिवशीची मुद्रणे असतील, तर खूण मध्येच बदलू शकते. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला पुन्हा पाहा आणि वहीत लिहा.

२. टेप मूळ दरानेच उतरवा. डॅटवर ४८,०००, ४४,१०० किंवा ३२,००० असे नमुना-दर असतात. संगणकाचा दर टेपशी जुळवा आणि घड्याळ डॅट यंत्राचे ठेवा. दिल्लीच्या पावसाळ्यात एसीच्या खोलीतली थंड टेप दमट हवेत आणून लगेच लावू नका. तिच्यावर दव धरते आणि ती यंत्रात चिकटू शकते. काही तास तशीच राहू द्या.

३. उतरलेली पहिली फाइल जशीच्या तशी जपा. तिच्यावर काहीही करू नका.

४. तिची प्रत काढा आणि प्रतीवर डी-एम्फसिस करा. सॉक्स या मोफत प्रोग्राममध्ये यासाठी तयार क्रिया आहे. ती ४४,१०० आणि ४८,००० या दरांवर चालते. ३२,०००ची फाइल असेल, तर प्रत आधी ४८,०००वर न्या. निकाल २४ बिटमध्ये साठवा. ट्रेबलचे बटण फिरवून अंदाजाने आवाज ‘गोड’ करू नका. ठरलेल्या मापाचा उठाव ठरलेल्या मापानेच उतरवावा.

५. उतार एकदाच द्या. दोनदा दिला तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा मंद होतो. खूण नसलेल्या टेपला दिला तरी तेच होते.

६. शंका असल्यास यंत्राच्या साध्या ऑडिओ जोडणीतून येणारा आवाज आणि तुमची फाइल शेजारी-शेजारी ऐका. ही कसोटी सोपी आहे. एकच अपवाद लक्षात ठेवा : एखादी टेप आधीच कोणी संगणकावरून परत भरलेली असेल, तर तिच्यावर खूण नसूनही उठाव असू शकतो. तिथे ज्येष्ठांचा कानच साक्षीदार.

७. दोन्ही फाइलींच्या नावात आणि वहीत स्पष्ट लिहा : ‘मूळ, उठावासह’ आणि ‘उतार दिलेली’. तारीख आणि वापरलेली क्रियाही लिहा.

वही का महत्त्वाची?

गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचा संगीताचा ध्वनिसंग्रह आहे. १९८२ साली सुरू झालेल्या या संग्रहामागचा हेतू असा होता की परदेशी अभ्यासकांनी इथे केलेली ध्वनिमुद्रणे इथल्या लोकांना इथेच ऐकता यावीत. जगभरच्या ध्वनिसंग्रहांच्या कामात एक शिस्त मानली जाते : मूळ बदलायचे नाही, आवडीनुसार सुधारायचे नाही आणि जे केले ते नोंदवायचे. आपले केंद्र लहान असले तरी ही शिस्त आपल्यालाही लागू आहे.

खरे तर ती आपल्याला नवी नाही. वेदपठणात पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पद्धती रूढ झाल्या त्या याचसाठी : अक्षर गळू नये, वाढू नये, स्वर ढळू नये. नुसते शब्द बरोबर असून तिथे भागत नाही.

आज चुकीची फाइल ऐकून “असा नव्हता” म्हणणारे कान आपल्यात आहेत. आणखी वीस वर्षांनी ते नसतील. तेव्हाच्या साधकाला फाइलमध्ये असेल तोच आवाज खरा वाटेल. म्हणून या सेवेला बसताना त्या ज्येष्ठांना शेजारी बसवा.

या आठवड्यासाठी

- तुमच्या केंद्रात डॅट टेप किती आहेत, त्यांची यादी करा.
- आधी उतरवलेल्या फाइलींपैकी एक, ती प्रवचने प्रत्यक्ष ऐकलेल्या ज्येष्ठांना ऐकवा.
- त्यांना आवाज टोचला, तर घाईने फाइल पुसू नका. ती मूळ म्हणून जपा, प्रतीवर उतार द्या आणि वहीत पहिली ओळ लिहा.