बत्तीस रुग्णांचा पुरावा

२०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील प्लाझ्मा आजाऱ्याला द्यावा, ही जुनीच कल्पना पुन्हा पुढे आली. पण गुण येतो का? कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी तोवरचे सारे संशोधन चाळून मे महिन्यातच शीघ्र समीक्षा प्रसिद्ध केली. हाती लागले आठ अभ्यास, आणि त्यांत रुग्ण सारे मिळून ३२! निष्कर्ष अर्थातच अनिश्चित. मात्र कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, हे अशा समीक्षेतूनच कळते.

आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल छापून आला : प्लाझ्माने ना मृत्यू टळले, ना आजार बळावणे. तरी राष्ट्रीय उपचार-सूचनांतून तो वगळला गेला मे २०२१ मध्ये. तोवर दुसरी लाट येऊन नातेवाईक प्लाझ्मासाठी दारोदार फिरले होते.

औषधाला, खाटांना पैसा मिळतो. कागद चाळणाऱ्यांच्या पगाराला कोण देणार? साथ आल्यावर असे पथक उभे करू म्हटले तर ते होत नाही, ते आधीपासून पोसावे लागते. ब्रिटनमधील कॉक्रेनच्या समीक्षा-गटांचे सरकारी अनुदान मात्र मार्च २०२३ मध्ये थांबले.