ओळखीचा मोहल्ला

ठाणे जिल्ह्यात भिवंडी नावाचे शहर आहे. मुंबईपासून ते फार दूर नाही. शहराच्या वस्तीतून फिरताना यंत्रमागांचा खडखडाट सतत कानांवर येतो. मागाचा मालक एका धर्माचा, कामगार दुसऱ्या धर्माचा आणि सूत आणणारा आणखी कोणी, असे येथे नेहमीच दिसते. एकाचे काम थांबले की दुसऱ्याची चूल थंड पडते. तरीही १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये या शहरात भीषण दंगली झाल्या. माणसे मारली गेली, घरे जळाली, माग बंद पडले. काही दिवसांनी दंगल शमली, पण मनांतील भीती गेली नाही. पलीकडच्या गल्लीत काय चालले आहे हे कोणाला ठाऊक नसे. त्यामुळे येईल ती अफवा खरी वाटे.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. १९८४ ची दंगल का झाली याचा त्यांनी अभ्यास केला. मग त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. ('मोहल्ला' हा शब्द तर तुमच्या घरातलाच आहे!) समितीत हिंदू आणि मुसलमान दोघेही असत. बड्या पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतील साध्या माणसांना तेथे मान होता. त्या भागातील पोलीसही त्यांच्याबरोबर बैठकीला बसत.

पोलीस म्हणजे काठी, एवढीच ज्यांना ओळख होती, त्यांना हे सारे नवीन होते. "हे आपल्याला कशाला बोलावतात?" अशी शंका येणे साहजिकच होते. शेजारी बसलेल्या माणसाविषयीही मनात अढी होती. बैठकीत केवळ एकतेवर भाषणे झाली असती, तर लोक ती ऐकून घरी गेले असते आणि अढी तशीच राहिली असती. पण तेथे रोजच्या अडचणी निघत. नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले आहे, दोन घरांत भांडण झाले आहे. गटार तुंबले की घाण दोन्ही घरांत शिरते. ते कोणाचा धर्म विचारत नाही. अशा कामांसाठी माणसे पुन्हा पुन्हा एकत्र आली. कोण शब्द पाळतो, कोण चटकन रागावतो, कोण मदतीला धावतो, हे एकमेकांना कळू लागले. पोलिसांना लोकांची नावे माहीत झाली आणि लोकांना पोलिसांची. याला एखादा महिना नव्हे, काही वर्षे लागली.

मग डिसेंबर १९९२ उजाडला. अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि देशात अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत शेकडो माणसे मेली. भिवंडीचे काय होणार, याची साऱ्यांनाच धास्ती होती. पण दोनदा पोळलेले हे शहर या वेळी शांत राहिले. आता अफवा कानावर आली, तर पलीकडच्या गल्लीत जाऊन विचारता येईल असे एक दार होते आणि त्या दारामागे ओळखीचा माणूस होता.

खोपडे यांची तेव्हा भिवंडीहून बदली झालेली होती. समित्यांमधील माणसे मात्र तेथेच होती.