गटे खरेच तसे म्हणाला होता काय?

प्रथम वर्षाला असताना इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत मी थोरल्या माधवरावांच्या तोंडचे एक वाक्य मोठ्या ऐटीत उद्धृत केले होते. सरांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढून 'बखर की कादंबरी?' एवढेच विचारले. वाक्य कादंबरीतलेच होते! टोमास मान या जर्मन लेखकाची 'लोट्टे इन वायमार' (१९३९) इंग्रजी भाषांतरातून वाचताना ते लाल वर्तुळ मला पुन्हा आठवले.

कथानक म्हणावे तर अगदी एवढेसे. गटेच्या 'वेर्थर'मधली (१७७४) लोट्टे ही बरीचशी शार्लोट्टे बुफ या खऱ्या मुलीवरून घेतलेली. १८१६ साली ही बाई, आता त्रेसष्ट वर्षांची विधवा, वायमारला आली आणि गटेकडे जेवली. एवढ्या आधारावर मानने नऊ प्रकरणे उभी केली आहेत.

आपल्या ओळखीच्या ऐतिहासिक कादंबरीत नायक पहिल्याच पानावर घोडा फेकीत येतो. इथे गटे सहा प्रकरणे येतच नाही. येतात ती त्याच्या सावलीत वाढलेली माणसे: लेखनिक रीमर, मुलगा आउगुस्ट आणि आणखी काही. लोट्टेपाशी ती त्याची थोरवी गातात आणि गाता गाता त्यांच्या तोंडून तक्रार निसटते. रीमरचे बोलणे तर मी दोनदा वाचले. भक्ती आणि मत्सर इतके एकजीव झालेले मी क्वचितच पाहिले आहेत. सातव्या प्रकरणात गटे सकाळी अंथरुणात जागा होतो आणि आपण एकदम त्याच्या मनातच शिरतो. कविता, म्हातारपण, देशबांधवांविषयीची चीड, सगळे एका प्रवाहात.

आल्फ्रेड ड्योब्लिनने यापूर्वीच 'वालेनश्टाइन'मध्ये (१९२०) इतिहास उघड उघड मोडला होता. त्याचा सम्राट फर्डिनांड राज्य सोडून रानात जातो आणि तिथेच मारला जातो. खरा फर्डिनांड १६३७ साली व्हिएन्नात वारला. मला ते पचायला जड गेले, पण त्यात कोणी फसत नाही. मानची गोष्ट निराळी. गटेच्या खऱ्या शब्दांत तो आपले शब्द असे विणतो की शिवण दिसत नाही.

याचा पुरावा न्यूरेंबर्गला मिळाला. १९४६ साली नाझी नेत्यांवरील खटल्यात ब्रिटिश अभियोक्ते हार्टली शॉक्रॉस यांनी समारोपाच्या भाषणात जर्मनांच्या अंधभक्तीविषयीचे गटेचे उद्गार म्हणून जे ऐकवले, ते याच सातव्या प्रकरणातले होते. पुढे विचारणा झाली तेव्हा मानने कळवले, की गटे तसे बोलला नसला तरी सहज बोलू शकला असता.

हे उत्तर मला आवडते, पण पुरते पटत नाही. मान १९३३ पासून देशाबाहेर होता. ती चीड हद्दपारीतल्या मानची आहे, १८१६ च्या गटेची नव्हे. आणि फाशीची शिक्षा मागितली जात असताना ती गटेच्या नावावर जमा झाली.